अप्पांचे सतरा प्रश्न

"लिहून घे," अप्पा फोनवर म्हणाले. "वाद्य चालू केल्यावर तापायला किती वेळ घेतं? आणि तापेपर्यंत स्वर सरकतो का? सरकत असेल तर चढतो की उतरतो?"

मी तेव्हा पुण्याला विजेचे मीटर तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. समोर नऊ मीटर ओळीने लावलेले होते, फोन खांदा आणि कान यांच्यात दाबलेला होता आणि माझं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं.

"अप्पा, संध्याकाळी बोलू या का?"

"संध्याकाळपर्यंत विसरेन मी. लिही."

"तुमच्याकडे वही नाही का?"

"तुझं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले.

मी मीटरच्या नोंदींच्या कागदामागे लिहिलं. तो सातवा प्रश्न होता. आधीचे सहाही असेच आले होते, एक बँकेच्या रांगेत, एक स्वयंपाक करताना, एक चक्क माझ्या साहेबांच्या खोलीत. वाद्याचा पल्ला किती सप्तकांचा? खर्जात आवाज फाटतो का? दोन स्वरांतलं अंतर सगळीकडे सारखं असतं, की दांड्याजवळ गेल्यावर स्वर एकमेकांना चिकटतात? आपल्याकडे व्होल्टेज खालीवर होतं, त्याने सूर बिघडतो का? वाद्यापासून भिंत किती लांब हवी? अर्थिंग नसेल तर?

माझे वडील, भूपाल मगदूम, एकतीस वर्षं रेडिओवर व्हायोलिन वाजवत होते. निवृत्त झाल्यावर सांगलीत विश्रामबागला घरी शिकवण्या करायचे. आईला जाऊन चार वर्षं झाली होती. त्या वर्षी फेब्रुवारीत कोल्हापूरला कुणा पाहुण्या वादकाचा थेरमिनचा कार्यक्रम त्यांनी ऐकला आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेना. थेरमिन म्हणजे एक लाकडी पेटी. तिच्या उजव्या अंगाला एक उभा दांडा, डाव्या अंगाला एक आडवं कडं. वाजवणारा त्यांना हात लावतच नाही. उजवा हात दांड्याजवळ नेला की स्वर चढतो, लांब नेला की उतरतो. डावा हात कड्याजवळ गेला की आवाज लहान होतो, वर उचलला की मोठा. बास, एवढंच. ना तार, ना पडदा, ना गज.

"आयुष्यभर तारेवर बोट ठेवलेला माणूस हवेत कशाला हात फिरवील?" मी एकदा विचारलं होतं.

"बघू तरी," एवढंच उत्तर मिळालं.

एप्रिलमध्ये त्यांच्या एका शिष्येची आई मला पुण्यात भेटली. म्हणाली, "सरांनी स्वतःचं व्हायोलिन आमच्या मुलीला देऊन टाकलं हो. आम्हाला फार संकोच वाटला." मला ते ठाऊकच नव्हतं. ते व्हायोलिन माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्या घरात होतं. मी तिथेच बाजूला होऊन अप्पांना फोन लावला.

"पडून होतं," ते म्हणाले. "वाद्य पडून राहिलं की मरतं."

"पडून का होतं?"

"खांदा दुखतो. बरं, ते जाऊ दे. आठवा प्रश्न लिही."

त्या दिवशी मी मनाशी ठरवूनच टाकलं. एकटं राहून अप्पांच्या डोक्यावर परिणाम होतोय. व्हायोलिन देऊन टाकायचं आणि हवेत हात फिरवायचं खेळणं घ्यायचं, ही काही शहाण्या माणसाची लक्षणं नव्हेत. मी घरातली मागची खोली रिकामी करायला घेतली. नवऱ्याशी बोलले. मे महिन्यात चार दिवसांची रजा टाकली. आधी त्यांच्याबरोबर ते वाद्य बघून यायचं, त्यांचं समाधान करायचं, मग त्यांना घेऊनच पुण्याला परतायचं. अप्पांना यातलं काहीच सांगितलं नाही.

सांगलीला पोचले तेव्हा ते पायरीवरच उभे होते. झब्बा इस्त्रीचा, उजवा हात खिशात. "कागद आणलास?" हा पहिला प्रश्न. मी चहा टाकला तर म्हणाले, "माझा नको. चहा सोडलाय मी." एका जागी बसवत नव्हतं त्यांना. खिडकीशी जात, घड्याळ बघत, परत दाराशी येत. मलाही बसवेना. घरात व्हायोलिनची पेटी जिथे असायची तिथे वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, आणि माझी नजर पुन्हा पुन्हा तिकडे जात होती.

वाद्य बनवणारा माणूस मिरजेत होता. जमीर मुजावर. त्याचे भाऊ सतारी-तंबोरे बनवायचे. हा एकटा विजेच्या नादाला लागलेला, इलेक्ट्रॉनिक तंबोरे बनवणारा. कुणीतरी परदेशी थेरमिन दुरुस्तीला आणून दिलं, तेव्हा त्याने ते उघडून समजून घेतलं आणि मग स्वतःच बनवायला लागला. त्याचं घर एका अरुंद बोळात होतं. अंगणात तंबोऱ्यांचे भोपळे वाळत घातले होते. त्यांच्यामधून वाट काढत आम्ही मागच्या खोलीत गेलो.

जमीरभाई पन्नाशीचे, सडपातळ, चष्मा कपाळावर चढवलेला. "या गुरुजी, या ताई. रेडिओवरचं तुमचं व्हायोलिन ऐकत आम्ही मोठं झालो की." अप्पा नुसते हसले. नमस्काराला त्यांनी एकच हात वर केला. मला वाटलं, काय हा अप्पांचा ताठा.

टेबलावर दोन थेरमिन होती. एक परदेशी, काळं, गुळगुळीत. दुसरं जमीरभाईंनी सागवानात बांधलेलं. त्यांनी दोन्ही चालू केली.

"प्रश्न वाच," अप्पा मला म्हणाले.

मी कागदांची चळत काढली आणि वाचायला लागले. आज आठवलं की लाज वाटते, पण मी ते सरळ वाचत नव्हते. प्रत्येक प्रश्नाला शेपूट जोडत होते. "सप्तकं किती, असं विचारतायत अप्पा. जसं काही उद्या मैफलच आहे." "भिंत किती लांब हवी? आमच्या हॉलमध्ये दिवाण हलवावा लागेल, हो ना अप्पा?" जमीरभाई कसनुसं हसायचे आणि मग अप्पांकडे वळून नीट उत्तर द्यायचे. पल्ला पाच सप्तकांचा, पण वाजवण्याजोगी साडेतीनच धरा. स्वरांतलं अंतर परदेशी वाद्यात जास्त सारखं आहे, माझ्यात दांड्यापाशी थोडं आवळतं, खोटं कशाला बोलू. तापायला वीस मिनिटं, तोवर स्वर उतरत राहतो, म्हणून आधी चालू करून ठेवायचं आणि मग सूर लावायचा. अर्थिंग पाहिजेच पाहिजे.

अप्पा मान डोलवत होते. खोलीत खुर्ची असून ते बसले नव्हते. वाद्याजवळही गेले नव्हते. दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत, उजवा हात खिशात घालून, त्यांच्या येरझाऱ्या चालल्या होत्या.

"अकरावा," मी म्हणाले. "हे वाद्य डावखुऱ्या माणसासाठी बनवून मिळतं का?"

वाचतानाच मी थांबले. फोनवर लिहून घेताना माझं लक्षच नव्हतं.

"डावखुरं कोण आहे?" मी विचारलं.

"तू वाच पुढे."

"नाही, पण कोण आहे डावखुरं? तुम्ही तर उजवे आहात. जमीरभाई, हे चांगले उजव्या हाताने जेवतात, उजव्या हाताने लिहितात."

"पद्मजा, पुढचा वाच."

अप्पा मला पद्मा म्हणत. पूर्ण नाव घेतलं म्हणजे थांब, असा त्याचा अर्थ. मी थांबले नाही. महिनाभर साठलेलं सगळं त्या परक्या माणसासमोर बाहेर आलं. "सतरा प्रश्न विचारलेत तुम्ही अप्पा. ऑफिसात, घरी, कुठे कुठे मला गाठून लिहायला लावलेत. आणि इथे येऊन पाऊण तास झाला, वाद्याला अजून हात दाखवला नाही. आधी वाजवून तरी बघा. एकदा बघा, म्हणजे तुमचं तुम्हाला कळेल, हे आपलं काम नाही."

"राहू दे, ताई," जमीरभाई हळूच म्हणाले. "सावकाश बघतील."

"नाही, आत्ताच बघू दे."

आणि मी पुढे होऊन अप्पांचा उजवा हात मनगटाशी धरला, खिशातून बाहेर काढला आणि त्या उभ्या दांड्याच्या दिशेने नेला.

वाद्य चालूच होतं. आवाज आला. पण तो स्वर नव्हता. तो एक भेदरलेला, लटलटणारा आवाज होता, खालीवर, खालीवर, एकसारखा, थांबतच नव्हता. मला आधी वाटलं वाद्य बिघडलं. मग मी माझ्या हाताकडे पाहिलं. माझ्या मुठीत धरलेलं अप्पांचं मनगट हलत होतं. बोटं अशी थरथरत होती, जणू काही ती चिमटीत काहीतरी चोळतायत.

सवय वाईट असते. मी मोजलं. सेकंदाला पाच. मोजून झाल्यावर मला माझीच किळस आली.

अप्पांनी हात सोडवून घेतला नाही. ते वाद्याकडे बघत उभे राहिले. जमीरभाईंनी पुढे येऊन आवाजाचं बटण खाली केलं, तेव्हा कुठे मी हात सोडला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या श्रावणापासून. आधी करंगळीच होती. मग गज धरवेना. तारेवर नाचायचा." त्यांनी हात पुन्हा खिशात घातला नाही. तसाच मोकळा सोडला. "डॉक्टरांना दाखवलंय. गोळ्या चालू आहेत."

"काय म्हणाले डॉक्टर?"

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. मला ते ठाऊक होतं. तो कसा वाढत जातो, तेही ठाऊक होतं. चहा का सोडला, वही का नव्हती, प्रत्येक प्रश्न मलाच का लिहायला लागत होता, नमस्कार एका हाताने का झाला, सगळं एकामागून एक समजत गेलं. मी त्या खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसले.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू प्रश्न विचारायला लागली असतीस," अप्पा म्हणाले. "मला आधी माझे विचारायचे होते."

आतून जमीरभाईंच्या बायकोने तीन कप चहा पाठवला होता, तो टेबलाच्या कडेला निवत होता. शेवटी जमीरभाईंनीच चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. आवाज मात्र गिऱ्हाइकाशी बोलावं तसाच होता.

"गुरुजी, अकराव्याचं उत्तर द्यायचं राहिलं की माझं. डावखुरं करता येतं. पेटी नुसती फिरवली की दांडा डाव्या हाताला येतोय. पण मग बटणं पलीकडच्या अंगाला जातात, तुम्हाला वाकून बघायला लागेल. मी बटणं अलीकडं घेऊन देतो."

"डावा हात माझा अजून स्थिर आहे," अप्पा म्हणाले. "आणि स्वर त्यालाच ठाऊक आहेत. उजव्याने पन्नास वर्षं नुसता गज ओढला. स्वर सगळे डाव्यात."

"मग आवाज उजव्या हातात राहणार. हात हलला की आवाज लहानमोठा होत राहील."

"तो बारावा प्रश्न आहे. वाच, पद्मा."

मी वाचलं, "आवाजाचं कडं हाताच्या हालचालीला किती पटकन प्रतिसाद देतं, आणि ते संथ करता येतं का?"

या वेळी मी काहीही जोडलं नाही.

"येतं की," जमीरभाई म्हणाले. "आत एक कपॅसिटर मोठा घालायचा. बारीक थरथर मग तो गिळून टाकतोय. पण तोटा सांगून ठेवतो. आवाज पटकन तोडता येणार नाही. स्वर रेंगाळत जाईल. तुटक, द्रुत असलं काही जमायचं नाही."

"मला आता तुटक वाजवायचंच नाही."

पुढचे प्रश्न मी एकेक वाचत गेले आणि प्रत्येकात मला तो हात दिसत होता. बसून वाजवता येतं का? म्हणजे पाय. सूर लावायची बटणं किती घट्ट, की सहज फिरतात? म्हणजे बोटं. पेटीचं वजन किती, एकट्याला उचलता येतं का? मी महिनाभर हे सगळं माझ्या सुबक अक्षरात लिहीत आले होते आणि मला एक अक्षर वाचता आलं नव्हतं.

मग जमीरभाईंनी सागवानी पेटी फिरवली. अप्पा दांड्यासमोर उभे राहिले. उजवा हात कड्यापासून लांब, टेबलाच्या कोपऱ्यावर टेकवला. डावा हात उचलला. आवाज उठला आणि घसरला, वासरू हंबरावं तसा. पुन्हा उठला, पुन्हा घसरला. अप्पा ओठांतल्या ओठांत षड्ज धरून होते आणि त्यांचा हात हवेत तो शोधत होता. वेळ जात होता. मला तिथून उठून बाहेर पळावंसं वाटत होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली असतील. ज्या माणसाला झोपेतून उठवलं तरी अचूक सूर लागायचा, तो माणूस पहिल्या तासाच्या शिष्यासारखा चुकत होता, आणि चिडत नव्हता.

एकदा गंधार लागला. त्यावरून त्यांनी हात सावकाश आत नेला आणि आवाज घसरत न जाता, एका दमात, पंचमावर जाऊन उभा राहिला. क्षणभरच राहिला. पण तो पंचम होता.

"हं," अप्पा म्हणाले. बाकी काही नाही.

"सतरावा राहिला," मी म्हणाले. कागदावर सतरावा नव्हता. आकडा होता, पुढे जागा कोरी होती. फोनवर त्यांनी सांगितलं होतं, तो मी तिथेच विचारीन.

अप्पांनी डावा हात दांड्यापासून लांब घेतला. "जमीरभाई, उद्या हा डावाही हलायला लागला तर?"

जमीरभाईंनी घाई केली नाही. "गुरुजी, स्वरांतलं अंतर वाढवता येतंय. आत्ता एक सप्तक एवढ्यात बसतंय," त्यांनी हात पसरून दाखवला, "ते याच्या दुप्पट जागेत पसरायचं. मग हात थोडा हलला तरी स्वर फारसा हलायचा नाही. पण जागा जास्त लागली की स्वर कमी बसणार. आणखी हात हलला की आणखी पसरायचं. असं करत करत कधीतरी तीनच स्वर उरतील हाताच्या टप्प्यात. त्याच्यापुढं माझ्याकडं काही इलाज नाही."

"तीन पुरेत," अप्पा म्हणाले. "किती दिवसांत द्याल?"

"चार महिने धरा."

"दोन महिन्यांत द्या. मला थांबायला वेळ नाही."

जमीरभाईंनी अडीच कबूल केले.

घरी परतताना मी गाडी चालवत होते आणि माझ्या डोक्यात भराभर याद्या तयार होत होत्या. पुण्यातले मेंदूचे डॉक्टर, व्यायाम शिकवणारे, न घसरणाऱ्या फरश्या, दिवसभर घरी राहणारा कुणी माणूस. मागच्या खोलीचं बोलायला मी दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्या वेळी अप्पाच म्हणाले, "पुण्याला येईन मी. कळलंय मला, तू कशाला आलीस ते. पण वाद्य घेऊन येईन आणि ते आल्यावर येईन." मी मान हलवली. विश्रामबागेत शिरताना त्यांना म्हटलं, "मघाशी मी तुमचा हात असा ओढायला नको होता." ते बाहेर बघत होते. "कुणीतरी ओढायलाच हवा होता," ते म्हणाले. ते खरं होतं की माझं मन राखायला म्हणाले, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

वाद्य गणपतीच्या आधी आलं. अप्पा पुण्याला आले. मागच्या खोलीतला पलंग आम्ही भिंतीला सारला, कपाट बाहेर काढलं. ते रोज सकाळी वीस मिनिटं आधी वाद्य चालू करून ठेवत आणि मग दीड-दोन तास वाजवत. पहिले सहा महिने शेजारच्या बाई विचारायच्या, तुमच्याकडे मांजर आजारी आहे का. मग विचारेनाशा झाल्या. दुसऱ्या वर्षी जमीरभाई येऊन पेटी उघडून गेले, स्वर पसरून दिले. तिसऱ्या वर्षी पुन्हा आले. साडेतीन सप्तकं होती त्याची दीड झाली, मग एक. अप्पा आलाप तेवढ्यात बसवत गेले. मंद्र सप्तक सोडलं, मग तार सप्तक सोडलं. सोडताना त्यांनी कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. पण प्रत्येक वेळी दोन दिवस ते घरभर फिरत राहायचे, एका जागी बसायचे नाहीत.

चौथ्या हिवाळ्यात त्यांचा तोल जायला लागला. आठवड्यात दोनदा न्हाणीघराच्या दारात पडले. तरी वाजवायचं ते उभ्यानेच. बसून दम पुरत नाही म्हणायचे. मी ऑफिसची वेळ बदलून घेतली आणि ते वाजवायला उभे राहिले की त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहू लागले, दोन्ही हात त्यांच्या कमरेपासून वीतभर लांब धरून, गेले तर झेलता येतील असे.

अशाच एका सकाळी त्यांच्या हाताच्या टप्प्यात षड्ज, ऋषभ आणि गंधार एवढेच होते. त्यांनी षड्ज धरला. मी पाठीशी सरकले. षड्ज चढला. त्यांनी हात मागे घेऊन तो पुन्हा जागेवर आणला. त्यांचा तोल किंचित गेला, मी आणखी पुढे झाले आणि स्वर पुन्हा चढला. या वाद्याला माणूस आणि माणूस यांत फरक करता येत नाही. जवळ आलेलं कुठलंही शरीर त्याला वाजवणाऱ्याचाच हात वाटतो.

"मागे सरक, पद्मा," अप्पा दांड्यावरची नजर न काढता म्हणाले. "तू स्वर चढवतेयस."

"आणि पडलात तर?"

"पडलो तर उचल. आत्ता मागे सरक."

मी एक पाऊल मागे घेतलं. षड्ज अजून हलत होता. मी आणखी एक घेतलं, मग आणखी एक, पाठ भिंतीला टेकेपर्यंत.

अप्पांनी ऋषभ लावला.